अप्पांसमोर न सांगितलेली गोळी

गिऱ्हाइकाशी भांडायला मी कुणाच्या बापाला भीत नाही. हुबळीच्या कमरीपेठेतल्या आमच्या भांड्यांच्या दुकानात कुणी जुन्या कुकरचं झाकण आणून "बदलून द्या" म्हणालं, की आमचे हे मागच्या खोलीत सटकतात आणि मला पुढं करतात. कानडीत दोन, मराठीत दोन, विषय संपला. पण अप्पा, म्हणजे माझे सासरे, समोर असले की माझी जीभ टाळ्याला चिकटते. लग्नाला बावीस वर्षं झाली, अजून तीच गत. बाहेरच्या माणसानं काहीही विचारलं तरी उत्तर अप्पांनी द्यायचं, हा आमच्या घरचा रिवाज. मला मुलं किती, हेसुद्धा माझ्यादेखत अप्पाच सांगतात.

सासूबाई गेल्यापासून ह्यांची झोप उडाली होती. अप्पांचं मत ठरलेलं: ज्याला झोप येत नाही तो एकतर चोर, नाहीतर वेडा. त्यामुळं हे झोपेच्या गोळ्या घ्यायला लागले ते चोरून. हुबळीत औषधांच्या दुकानदारांशी अप्पांचा घरोबा, म्हणून बाजाराला माल घेऊन कलघटगीला गेले की तिथून आणायचे. ठेवायच्या माझ्या पर्समध्ये, कारण घरातलं एकही कपाट अप्पांच्या नजरेतून सुटत नाही. आधी रात्री अर्धी, मग रात्री एक, मग दुपारीही एक. मी चिडायचे, "अहो, किती घ्याल?" "अप्पांना सांगणार नाहीस ना? मग गप्प बस," म्हणायचे. बसले गप्प. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय!

त्या सोमवारी दुपारी हे शिडीवर चढून वरच्या फळीवरचं पातेलं काढत होते, ते पातेल्यासकट खाली आले. उजवा खांदा निखळला. खांद्याचा गोल भाग चपटा पडला होता आणि हात भलतीकडंच लोंबत होता. "चप्पल घालून शिडीवर चढतात का, गाढवा?" म्हणून अप्पा ओरडले. चप्पल नव्हे, दुपारची गोळी नडली होती, हे मला ठाऊक होतं. अप्पा रिक्षा बघायला रस्त्यावर गेले, तेवढ्यात घामानं थबथबलेले हे मला म्हणाले, "दे गं एक, सोसवत नाही." मी पर्स उघडली, गोळी त्यांच्या जिभेवर ठेवली आणि वर पाणी पाजलं. ह्याच हातानं.

कोप्पीकर रोडवर रिक्षा अडकली. प्रत्येक धक्क्याला हे कळवळत होते आणि मी रिक्षावाल्यावर उगाच डाफरत होते.

दवाखान्याच्या तातडीच्या विभागात एक तरुण डॉक्टरीण होती. शांत पोरगी. तिनं अप्पांना कानडीत नीट समजावलं, की खांदा जागेवर बसवायचा तर स्नायू सैल पडायला हवेत, म्हणून शिरेतून दोन औषधं द्यायची. एक दुखणं मारतं, दुसरं झोप आणतं. दोन्ही थोडी थोडी, कारण एकत्र आली की ती एकमेकांचा जोर वाढवतात आणि श्वास मंदावतो. "म्हणून आधीच शरीरात काही गेलं असेल तर मला कळलं पाहिजे, अज्जा. दारू?"

"शिव शिव! एनू इल्लरी," अप्पा म्हणाले. काही म्हणजे काही नाही.

"झोपेची, दुखण्याची गोळी?"

"एनू इल्लरी."

"जेवण कधी झालं?"

"आज श्रावणी सोमवार. उपवास आहे. सकाळपासून पोटात काही नाही."

इथं मात्र मला राहवलं नाही. "अहो अप्पा, ह्यांनी बाराला ताटभर साबुदाण्याची खिचडी हाणली की! वर दोन केळी!" डॉक्टरीण हसली. "बरं झालं सांगितलंत, अक्का. पण त्यांची बोटं बधिर व्हायला लागलीत, फार थांबता यायचं नाही. जपून करू." मग माझ्याकडंच बघून तिनं विचारलं, "आणखी काही?"

खिचडी माझ्या स्वयंपाकघरातली, तिथं मला बोलायचा हक्क होता. गोळीचं काय करू? खाटेवरून हे माझ्याकडं बघत होते, डोळ्यांनीच 'नको' म्हणत होते. शेजारी अप्पा. मी मान हलवली. नाही.

आम्हाला पडद्याबाहेर उभं केलं. फटीतून मला फक्त ह्यांची पावलं दिसत होती. यंत्र टिक्‌टिक् करत होतं. हळूहळू पावलं सैल पडून बाहेरच्या बाजूला झुकली. मग दोघांनी हात ओढल्याचं कळलं, कट्‌कन आवाज झाला आणि कुणीतरी म्हणालं, "बसला." अप्पांनी हात जोडले. आतून घोरणं ऐकू आलं. मला इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू!

मग घोरणं थांबलं.

दुखत होतं तोवर दुखण्यानंच त्यांना जागं ठेवलं होतं, हे मला नंतर समजावून सांगितलं गेलं. तेव्हा एवढंच कळलं, की यंत्राचा आवाज खाली खाली चाललाय आणि डॉक्टरीण ओरडतेय, "यजमान, उसिरु तगोळ्री! श्वास घ्या!" पावलं हलली नाहीत. नर्स पळत आली. तोंडावर मास्क दाबून पिशवीनं हवा भरायला लागले. डॉक्टरणीनं पडदा सरकवला. "एवढ्याशा औषधानं असं होत नाही. काय घेतलं होतं?"

"एनू..." अप्पांनी सुरू केलं.

आणि मी अप्पांकडं बघितलं. देवा, नवऱ्याचा श्वास थांबलाय आणि मी सासऱ्याचं तोंड बघतेय! किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. यंत्र तेवढा वेळ वाजत होतं.

"झोपेची गोळी," मी म्हणाले. "दोन. दुसरी मी दिली."

"रोज घेतात?"

"वर्ष झालं."

पर्स उपडी करून मी पाकीट तिच्या हातात कोंबलं. ते वाचून तिनं हातातली बाटली खाली ठेवली आणि दुसरी मागवली. रोज गोळी घेणाऱ्याला पहिल्या बाटलीतला, झोपेच्या औषधावरचा उतारा दिला असता तर झटके आले असते, असं नर्स मला नंतर म्हणाली. मला कुणी शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्यापुढं मला करण्यासारखं काही उरलंच नाही. पिशवी दाबणारे हात दुसऱ्याचे, औषध दुसऱ्याचं, अक्कल दुसऱ्याची. नवरा माझा, आणि मी भिंतीला टेकून उभी. देवाचं नाव घ्यावं तर तेही आठवेना. इतकी लाचार मी जन्मात कधी झाले नव्हते. फरशीवर सांडलेलं माझ्या पर्समधलं सामान अप्पांनी वाकून एकेक करून गोळा केलं.

खूप वेळानं ह्यांचं एक पाऊल आत ओढलं गेलं. मग खोकला.

आत सोडलं तेव्हा ह्यांचे डोळे अर्धवट उघडे होते. समोर मी होते म्हणून मीच दिसले. अप्पा त्यांच्या डोक्यामागं उभे होते. जडावलेल्या जिभेनं ह्यांनी विचारलं, "अप्पांना कळलं नाही ना?"

बोलले ते अप्पाच, मागून, ह्यांच्या केसांतून हात फिरवत.

"मला काही कळलेलं नाही रे. तू श्वास घे."