भेगवाले सर

आमचे भेगवाले सर एसटीत चढण्याआधी खाली वाकून चाकांना कुठं भेग आहे का ते बघत. कंडक्टर ओरडे, गाडी भरून जाई, तरी यांचं बघणं संपत नसे. मनाला पटलं नाही तर मागच्या गाडीसाठी थांबत. पाटोद्याच्या पोरांनी त्यांना हे नाव ठेवलं होतं. ते ऐकून सर हसत. पण गाडी हलली की समोरच्या दांडीवर त्यांची बोटं पांढरी पडत.

सर गॅरेजवाल्यांच्या घरातले. त्यांचे थोरले भाई ट्रकखाली काम करत असताना जॅक तुटला आणि ते जागीच गेले. "सकाळी त्याच जॅकनं दोन गाड्या उचलल्या होत्या. वरून काईच दिसत नव्हतं," एवढंच सर सांगत. पुढे गणितात संशोधन केलं तेही धातूच्या स्फटिकातल्या दोषांच्या भूमितीवर.

एमएस्सीच्या वर्गात त्यांनी फरशीवर ज्वारीचे दाणे ओळींनी मांडले आणि मला मोजायला लावलं. "चार दाणे पुढं, चार डावीकडं, चार मागं, चार उजवीकडं. कुठं आलीस?"

"निघाले तिथंच, सर."

मग त्यांनी मधली एक ओळ अर्ध्यातच तोडली आणि आजूबाजूचे दाणे सरकवून जागा भरून काढली. मी पुन्हा तशीच मोजत गेले, तर एक दाणा बाजूला पोचले.

"ह्यो दोष. आतल्या अणूला शेजारी जागेवरच दिसतात. फेरी मारल्याबिगर कळत न्हाई."

असे दोष साचलेल्या लोखंडाची आतली भूमिती सपाट कागदासारखी राहत नाही, तिला पीळ असतो, हे मी त्या दाण्यांवर शिकले. त्या दिवशी कॉलेजचा लोखंडी जिना मी एकेक पायरी बघत उतरले.

नांदूरघाटजवळच्या आमच्या गावी जत्रेला मी सरांना जेवायला बोलावलं. दुपारी माझी धाकटी बहीण मोठ्या आकाशपाळण्यात बसली. सर एकदम थांबले.

"ऐकू येतंय? दर फेरीला, एकाच जागी. टक."

मला फक्त भोंगे ऐकू येत होते. मग मलाही ते ऐकू आलं.

"ओ गुरुजी, काहून धंद्यात खोडा घालता? लई वर्सं फिरतोय ह्यो!" पाळणेवाला खेकसला. सर कठडा ओलांडून आत शिरले. दोघांनी त्यांना धरलं, शर्ट टरकला. "आधी माणसं उतरवा, मंग मारा मला!" सर ओरडत होते. त्या झोंबाझोंबीत मी पाळण्याचं इंजिन बंद केलं.

बहीण सगळ्यात वर अडकली. माणसं हातानं चाक ढकलत एकेक पाळणा खाली आणत होती. प्रत्येक वेळी ती टक. बहीण उतरली तेव्हा मी तिला ओढतच कठड्याबाहेर नेलं.

चिडलेल्या पाळणेवाल्यानं चाकाच्या आसावरचं ग्रीस पुसलं. केसाएवढी रेघ होती. त्यानं तिच्यावर रॉकेल सोडलं. ते आत मुरलं, म्हणजे ती भेगच होती. तो मटकन खाली बसला.

सर तंबूमागे ओकत होते. "भेग निघाली न्हसती तर?" ते म्हणाले. "गणितानं त्या आसाबद्दल मला काई सांगितलं नव्हतं, पोरी. मी नुसता भ्यालतो."

पुढे मी पुण्यात क्रेनचे हूक तपासायच्या कामाला लागले. गेल्या वर्षी सर घरात पडले, मांडीचं हाड मोडलं. आत सळई बसवायची होती. मी गाडी पकडून आले. ऑपरेशनला नेताना स्ट्रेचरवर त्यांनी माझं मनगट धरलं.

"तू बघितलीस का ती सळई?"

ती सीलबंद होती. मला कोण दाखवणार?

"बघितली, सर. चांगली हाय."

"मंग बरं," ते म्हणाले आणि त्यांनी माझा हात सोडला.

ऑपरेशन झालं, पण तिसऱ्या दिवशी त्यांचं हृदय थांबलं. सळईचा त्याच्याशी काही संबंध नव्हता, असं डॉक्टरांनी समजावून सांगितलं. सरांच्या घरचे मला म्हणतात, तुझ्या शब्दावर ते शांत मनानं आत गेले. मी मान हलवते. ती सळई मी पाहिलीच नव्हती, हे मी त्यांना अजून सांगू शकलेले नाही.