सोमवारचे उपवास आणि माझी हनुवटी

हनुवटीवर केस यायला लागले तेव्हा मी बारावीत होते. पाळीही दोन-दोन महिने यायची नाही. आमच्या बोरी गावात अशा गोष्टी झाकून ठेवतात. "देव कोपलाय," माय म्हणाली आणि सोमवार धरायला लावले. केस वाढतच गेले, म्हणून गुरुवार जोडला, मग शनिवार. आठवड्यात तीन दिवस साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, वर गोडमिट्ट चहा! मला पाहायला पाव्हणे यायच्या सकाळी माय दोरा घेऊन बसायची आणि माझी हनुवटी गुळगुळीत करायची.

सात वर्षांनी मी एकटीच एसटीनं परभणीला गेले. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, सोनोग्राफी केली. "पुरुषी हार्मोन प्रत्येक बाईत असतं," त्या म्हणाल्या. "थोडं अंडाशयात बनतं, थोडं मूत्रपिंडावरच्या ग्रंथींत. तुझं अंडाशयच जास्त बनवतंय, आणि रक्तातलं वाढलेलं इन्सुलिन त्याला चिथावतंय. खातेस काय?"

मी उपवास सांगितले. त्यांनी कपाळाला हात लावला. "अगं, साबुदाण्यानं अन् साखरेनं इन्सुलिन आणखी चढतं!"

बाहेर बाकावर बसून मी रडले, रागानं. देवबिव कोणी कोपलं नव्हतं. सात वर्षं मीच आगीत रॉकेल ओतत होते, तेही हात जोडून.

घरी येऊन मायला डॉक्टरीणबाईंचं सगळं सांगितलं, गोळ्या दाखवल्या; तिनं ते कानाआड केलं. पुढच्याच सोमवारी वालूरचे पाव्हणे यायचे होते. माय दोरा घेऊन आली.

"न्हाई काढायचे," मी म्हणलं.

"येडी झालीस का? एवढं चांगलं स्थळ गेलं तर?"

"जाऊ दे."

म्हणलं खरं, पण फोटोतला मुलगा मला आवडला होता.

मुलाच्या आत्यानं रीतीप्रमाणं हनुवटी धरून माझं तोंड वर केलं. तिची बोटं थबकली. माय घाईनं म्हणाली, "पोरगी लय देवाधर्माची हाय. आज उपवास हाय तिचा."

"न्हाई माय, मी भाकरी खाल्ली." मग आत्याकडं वळले. "केस हायेत. हार्मोनमुळं हायेत, औषध चालू हाय. पण लपवून बसणार न्हाई. पाहायला आलात ना? मग नीट पाहा."

मुलगा खाली पाहत राहिला. पोहे अर्धे टाकून सगळे उठले.

गाडी गेली तशी माय मटकन बसली. आता शिव्या खायच्या, असं मी धरूनच चालले होते. तिनं कमरेला खोचलेला दोरा काढला आणि बोटाला गुंडाळत राहिली.

"तुझ्या बापाला अजून ठावं न्हाई," ती म्हणाली. "रोज पहाटे उठून चिमट्यानं काढते मी माझे."

मी पहिल्यांदाच तिच्या हनुवटीकडं नीट पाहिलं.

"त्या डॉक्टरीणबाई," तिनं विचारलं, "सोमवारी असतात का?"