कमी धोक्याचं गाव

कोयनेच्या भूकंपात आमच्या घराची भिंत कोसळली आणि माझी थोरली बहीण गेली. पुढे काही वर्षांनी वडिलांना बदलीसाठी चिपळूण किंवा वाशी निवडायला सांगितलं. त्यांनी ओळखीच्या एका इंजिनिअरला गाठून दोन्हीकडचे धोके विचारून घेतले. चिपळूण कोयनेच्या जवळ, शिवाय तिथले डोंगर पावसात खचतात. वाशीला हादरे कमी, पण जमीन खाडीत घातलेल्या भरावाची, मऊ.

"ती खचली तरी हळूहळू खचेल," वडील आईला म्हणाले. "बाहेर पडायला वेळ मिळेल."

आम्ही वाशीला तळमजल्यावर राहायला आलो.

मी कॉलेजात असताना एका दुपारी मांडणीवरची भांडी किणकिणली. हादरा इतका हलका होता, की सोसायटीत बऱ्याच जणांना कळलाही नाही. आई मात्र मला ओढत अनवाणी बाहेर धावली आणि लगेच मागे वळली.

"पोर आत राहिली!" ती ओरडत होती.

वडिलांनी तिला घट्ट धरून पायरीवर बसवलं.

"इथंही भीती वाटत असेल तर दुसरीकडे जाऊ," ते म्हणाले.

"भीती नाही हो वाटत," आई रडत म्हणाली. "तिला तिथं एकटीला टाकून आलो आपण."

निवृत्त झाल्यावर वडील तिला घेऊन कोयनेकाठी परत गेले. मी नोकरीमुळे वाशीतच राहिले. तिकडच्या हादऱ्याची बातमी रेडिओवर ऐकली की माझा जीव खालीवर व्हायचा. आई मात्र तिथं शांत झोपते, असं वडील सांगायचे.