चिमट्याइतकंच

भांडुपच्या एका पालिकेच्या प्रसूतिगृहात मी सत्तावीस वर्षं नर्स होते. तांबी, म्हणजे कॉपर-टी, बसवायला आलेल्या बाईचा हात धरणं हे माझं काम. माझं एक ठरलेलं वाक्य होतं, "चिमटा काढल्याइतकंच दुखतं." मग विचारायचं, आज डब्याला काय केलंस? ती "भेंडी" म्हणेपर्यंत डॉक्टरांची तयारी झालेली असायची. मी म्हणायचे, खोक. ती खोकली की त्याच क्षणी आत गर्भाशयाचं तोंड चिमट्यात धरलं जायचं. बाहेर बाकांवर आणखी वीस-पंचवीस जणी असायच्या. खरं सांगितलं तर निम्म्या पळतील, असं मी स्वतःला समजवायचे. काही जणी माझ्या मनगटात नखं रुतवायच्या. एकीला टेबलावरच भोवळ आली. तिला मी लिंबूपाणी पाजलं आणि वर ऐकवलं, "दोन बाळंतपणं केलीस, आणि एवढ्याशाला घाबरलीस?"

मागच्या वर्षी माझ्या मुलीने तांबी बसवायचं ठरवलं. ती मुलुंडला राहते. तिचं एकच बाळंतपण, तेही सिझर. कांदा चिरता चिरता तिने विचारलं, "आई, खरं सांग ना, किती दुखतं?"

मी चहा गाळत होते. वर न बघताच म्हणाले, "काही नाही गं. चिमट्याइतकंच." तोंडात बसलेलं वाक्य, आपोआप बाहेर पडलं. सिझर झालेल्या बाईला जास्त त्रास होऊ शकतो, हे मला काय ठाऊक नव्हतं? होतं. पण तेव्हा आठवलं नाही.

दवाखान्यात मी बाहेर बसले. एवढी वर्षं मी पडद्याच्या आत होते. बाहेर बसलेल्या आईला काय ऐकू येतं, ते मला पहिल्यांदाच कळलं. आधी मुलीचं खोकणं ऐकू आलं. मग एक आवाज आला, तो तिचा आहे हे ओळखायला मला थोडा वेळ लागला. लहानपणी हात मोडला तेव्हाही ती अशी ओरडली नव्हती. माझं डोकंच फिरलं.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, माझ्या मुलीच्याच वयाच्या. मी त्यांना सोडलं नाही. "सुन्न करायचं इंजेक्शन असतं ना? मग दिलं का नाही? वेळ नव्हता की काय तुम्हाला?"

त्या शांतपणे म्हणाल्या, "मी दोनदा विचारलं, काकू. ती म्हणाली, नको. माझी आई नर्स आहे, ती म्हणते चिमट्याइतकंच दुखतं."

मी मुलीच्या चपला शोधायला लागले. मला स्वतःची लाज वाटत होती, आणि ती अजून गेलेली नाही.

रिक्षात ती पोट धरून बसली होती. ओठ पांढरे पडले होते. एलबीएस रोडवर खड्डा आला की डोळे मिटायची. मग डोळे न उघडताच तिने विचारलं.

"तू सगळ्यांना असंच सांगायचीस?"

"हो."

"मग नंतर त्या काय म्हणायच्या? किती दुखलं ते?"

"कधी विचारलं नाही," मी म्हणाले. "डब्याला काय केलं, एवढंच विचारायचे."