शिवलिंगप्पा टर्नर कट्टा

टर्नर आडनावाची पुष्कळ माणसं जगात नावाजली आणि त्यांपैकी एकानेही आजवर आमची विचारपूस केलेली नाही.

आमचं आडनाव टर्नर. मुक्काम सोलापूर, होटगी रोड. वर्ण सावळा, कपाळाला विभूती, घरात बोलायला मराठी आणि भांडायला कानडी. आडनाव आलं ते इंग्लंडहून नव्हे, कुर्डुवाडीहून. माझे आजोबा शिवलिंगप्पा तिथल्या रेल्वेच्या कारखान्यात लेथ मशीनवर टर्नर होते. त्या वेळी कारखान्यात शिवलिंगप्पा तीन! एक फिटर, एक बॉयलरवाला आणि एक आमचे. अप्पांना (म्हणजे माझ्या वडिलांना) शाळेत घालायला नेलं तेव्हा मास्तरांनी विचारलं, "कुठल्या शिवलिंगप्पाचा मुलगा?" आजोबा म्हणाले, "टर्नरचा." मास्तरांनी ते लिहून टाकलं आणि आम्ही पिढ्यान्‌पिढ्यांचे टर्नर झालो. मूळ आडनाव कोणतं, असं विचारलं की अप्पा एक सांगतात आणि आत्या दुसरंच सांगते, म्हणून आम्ही विचारणं सोडून दिलं आहे.

निवृत्त झाल्यावर आजोबांनी सोलापुरात घर बांधलं. आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर एक हापसा आहे. एका दुष्काळात भर दुपारी त्याच्या दांड्याची पिन तुटली. टँकरचा पत्ता नाही, बायका घागरी घेऊन उन्हात उभ्या. आजोबांनी तुटलेली पिन रुमालात बांधली, सायकल काढली, ओळखीच्या एका लेथवर जाऊन नवी पिन कातून आणली आणि संध्याकाळच्या आत हापसा पुन्हा चालू केला. ती पिन आजतागायत मोडलेली नाही. आजोबा गेले, पिन आहे.

गेल्या वर्षी कॉलनीने त्या हापशाला लागून ज्येष्ठ नागरिकांसाठी कट्टा बांधला. कट्टा तयार झाल्यावर ब्याऐंशी वर्षांच्या अप्पांनी मला समोर बसवून घेतलं.

"मल्लिनाथ, कट्ट्याला माझ्या बापाचं नाव लागलं पायजे."

"बघतो की, अप्पा."

"बघतो न्हाय. मला बघायचंय. डोळ्यात मोतीबिंदू पिकायला लागलाय, त्याच्या आत मला माझ्या बापाचं नाव तितं वाचायचंय."

अप्पांनी उभ्या आयुष्यात माझ्याकडे काही मागितलेलं नाही. (पेपर मागतात, तोही माझा वाचून झाल्यावर.) त्यामुळे मला आतून गलबलून आलं आणि मी त्याच क्षणी ठरवलं की हे काम मी तडीस नेणार. मी एकदा ठरवलं की ठरवलं! माझी बायको सुवर्णा म्हणते की घरातली सगळी मोठी नुकसानं माझ्या अशा ठरवण्यातूनच झालेली आहेत.

आडवे आले माळगे गुरुजी. निवृत्त मुख्याध्यापक, कॉलनीच्या कमिटीचे अध्यक्ष. त्यांना कट्ट्याला त्यांच्या मामांचं नाव द्यायचं होतं. मामा मामलेदार होते. कमिटीच्या बैठकीला गुरुजी आपल्या घराण्याचा छापील कुलवृत्तांतच घेऊन आले आणि त्यातलं 'कुळातील नामवंत' हे प्रकरण त्यांनी उभं राहून वाचलं. दोन मामलेदार, एक फौजदार, एक कीर्तनकार आणि कुस्तीत चांदीची गदा मिळवलेले एक चुलते.

"आता तुमच्या आडनावात कोण नामवंत झालंय, ते सांगा की," गुरुजी मला म्हणाले.

"पुढच्या बैठकीत सांगतो," मी म्हणालो आणि घरी येऊन मोबाईल उघडला.

टर्नर आडनावाची प्रसिद्ध माणसं असं टाकल्याबरोबर जी काय माणसं निघाली! बिशप निघाले, बोटीचे कप्तान निघाले, गव्हर्नर निघाले, फुलपाखरांवर ग्रंथ लिहिलेले एक गृहस्थ निघाले. सगळ्यांत रुबाबदार होता तो घोड्यांचा डॉक्टर. भरघोस दाढी, पाणीदार डोळे, फोटो तर इतका स्वच्छ की दाढीचा केस न्‌ केस मोजून घ्यावा! मी आठवडाभर जागेवरून न हलता यादी केली. बारा नामवंत निवडले आणि त्यांचे फोटो आमच्या फ्लेक्सवाल्या श्रीनिवासला व्हॉट्सॲपवर पाठवले. त्याने त्यांचा झकास रंगीत तक्ता छापून दिला. वर मथळा: 'टर्नर कुळातील नामवंत'.

"अहो, ह्यांचा आपला काय संबंध?" सुवर्णाने विचारलं.

"आडनाव एक आहे."

"मग त्यांच्यातला कोण उद्या आपल्या गॅसच्या नंबराला उभा राहणार आहे का?"

हिला इतिहासाची गोडी नाही. मी तक्ता घेऊन बैठकीला गेलो आणि एकेक नामवंत बोट ठेवून सांगितला. कमिटी आधी थक्क झाली, मग खोकू लागली, मग तोंडाला रुमाल लावून खाली बघू लागली. घोड्यांच्या डॉक्टरपाशी आल्यावर गुरुजींनी शांतपणे विचारलं, "हे होटगीचे का अक्कलकोटचे?"

हशा थांबायलाच तयार नाही. तेवढ्यात मागून बिराजदार काकू उठल्या. वय पंचाहत्तर, आवाज खणखणीत. "ते इंग्रज र्‍हाऊ द्या तिकडं! त्या दुष्काळात हापशाची पिन कुणी करून दिली? शिवलिंगप्पानं. दोन लेकरं काखेत घिऊन मी उभी होते तितं. तुमचा मामलेदार आला व्हता का, गुरुजी?"

हात वर झाले. आजोबांचं नाव मंजूर! (मी घरी येऊन तक्त्याचा चांगलाच परिणाम झाला असं सांगितलं.) गुरुजींनी हार मानली, पण एक अट घातली: पाटीवर फोटो हवा, आणि फोटो स्पष्ट हवा. येत्या रविवारी सकाळी उद्घाटन.

आजोबांचा अख्ख्या जन्मात एकच फोटो निघालेला. कारखान्यातल्या चाळीस कामगारांचा ग्रुप फोटो, त्यात मागच्या रांगेत डावीकडून सहावे. चेहरा शेंगदाण्याएवढा. मी तो मोबाईलवर काढला आणि श्रीनिवासला पाठवला, त्याच व्हॉट्सॲपवर, बारा नामवंतांच्या फोटोंच्या खाली. मग घरातल्या माणसांच्या सूचना सुरू झाल्या. होटगीहून शांताआत्याचा फोन आला, "माझा बाप बोडक्या डोक्यानं दिसता कामा न्हाय. पटका पायजे." मी कळवलं. अप्पा म्हणाले, "कपाळाला विभूती पायजे. तीन पट्टे, ठसठशीत." तेही कळवलं. सुवर्णा म्हणाली, "गळ्यात रुद्राक्षांची माळ असू द्या." तीही कळवली. हल्ली फ्लेक्सवाले काय वाट्टेल ते करून देतात. अंगातल्या बंडीचा सूट करतात, टकलावर केस लावतात.

शनिवारी भर दुपारी मी स्कूटरवर असताना श्रीनिवासचा फोन आला. मागे पेढ्यांचे बॉक्स, पुढे हारांची पिशवी, हेल्मेटमध्ये मोबाईल कोंबलेला.

"सर, फोटो लई फुटतोय. मोठा केला की नुसते ठिपके दिसायलेत."

"मग?"

"दुसरा हाय का?"

"मी पाठवलेत की सगळे! त्यातला जो स्वच्छ असेल तो घ्या."

हे वाक्य मी बोललो. मीच! कुणी माझ्या तोंडात घातलेलं नाही. सिग्नल सुटला होता, मागचा रिक्षावाला माझ्या खानदानाचा उद्धार करत होता आणि 'सगळे' म्हणताना माझ्या मनात आजोबांचेच सगळे फोटो होते. आजोबांचा सगळा मिळून फोटो एक, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. रात्री आठला श्रीनिवासने लोखंडी चौकटीवर ताणलेली फ्लेक्सची पाटी कापडात गुंडाळून परस्पर कट्ट्यावर, हापशाच्या पुढे, उभी केली. मी बघायला निघालो होतो, पण पेढे मोजून कमी भरले म्हणून पुन्हा दुकानात गेलो.

रविवारी सकाळी अख्खी कॉलनी जमली. अप्पा नवं धोतर नेसून पुढच्या खुर्चीवर ताठ बसले होते. शेजारी होटगीहून पहिल्या गाडीने आलेली शांताआत्या. गुरुजींनी तबकातली कात्री घेऊन फीत कापली, नारळ फोडला आणि दोरी ओढली. कापड खाली आलं.

पाटीवर घोड्यांचा डॉक्टर!

डोक्याला पांढराशुभ्र पटका. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, ठसठशीत. गळ्यात रुद्राक्षांची माळ. आणि ह्या सगळ्या बंदोबस्तातून दोन निळे डोळे आणि लालभडक दाढी माझ्याकडे बघत होती. खाली टपोऱ्या अक्षरात: 'लिंगैक्य शिवलिंगप्पा टर्नर कट्टा'. (लिंगैक्य म्हणजे आमच्यातलं कैलासवासी.) घरातली एकही सूचना श्रीनिवासने वाया घालवली नव्हती.

टाळ्या पडल्या! कारण आजोबांना पाहिलेली माणसं आता मोजकीच, आणि पटका-विभूती बघितल्यावर दाढीचा रंग कोण बघतो? मला दरदरून घाम फुटला. पण मी ठरवलं, कार्यक्रम मोडू द्यायचा नाही. अप्पांना मोतीबिंदू आहे, त्यांना नीट दिसणार नाही, उद्या गुपचूप पाटी बदलू. मी टुणकन उडी मारून अप्पांच्या आणि पाटीच्या मध्ये उभा राहिलो.

"बाजूला सर की," अप्पा म्हणाले.

"ऊन लागतंय तुम्हाला, अप्पा."

"ऊन पाठीमागनं हाय."

तिकडे गुरुजी पाटीला हार घालून भाषणाला उभे राहिले. "पाहा, काय तेज आहे चेहऱ्यावर! असे कष्टकरी आता होणे नाही." हे बोलताना त्यांची नजर दाढीवर गेली आणि ते अडखळले. त्यांनी चष्मा पुसला. पुन्हा बघितलं. माझ्याकडे बघितलं. तक्ता त्यांनी जवळून पाहिलेला होता. पण सभा चालू असताना अध्यक्षाने थांबायचं नसतं, ही शिस्त चाळीस वर्षांची. ते म्हणाले, "ह्यांचे डोळेच सांगतात की हा माणूस... अं... फार लांबून आला होता."

एवढ्यात शांताआत्या उठून पाटीपाशी गेली. तिने नाक लावून चेहरा बघितला आणि भर सभेत कडाडली, "अय्यो! यारप्पा इंव?" (कोण बाबा हा?)

आता कुणाला कानडी समजत नाही म्हणावं, तर निम्मी कॉलनी कानडी बोलते! कुजबुज उठली. बिराजदार काकू मोठ्यांदा म्हणाल्या, "शिवलिंगप्पाला दाढी कुटं व्हती?" मी पाटीला पाठ लावून दोन्ही हात पसरून उभा राहिलो, पण फ्लेक्स सहा बाय चार आणि मी पाच फूट दोन इंच. माझ्या डोक्यावरून साहेब अख्ख्या सभेला दिसत होता.

अप्पा काठी टेकत आले. मला त्यांनी काठीनेच बाजूला केलं. पाटीपाशी गेले, बोट लावून एकेक अक्षर वाचलं, शि-व-लिं-ग-प्पा, आणि मग मान वर करून चेहरा बघितला. मला वाटलं, जमीन दुभंगली तर बरं. वडिलांनी जन्मात एक गोष्ट मागितली आणि मी तिच्या जागी घोड्यांचा डॉक्टर आणून बसवला. माझे डोळे भरून आले.

"ह्यो माझा बाप न्हाय," अप्पा म्हणाले.

"अप्पा, चुकलं माझं. उद्याच्या उद्या दुसरी पाटी..."

"कात्री आण."

"अप्पा..."

"मल्लिनाथ, कात्री आण!"

तबकातली कात्री मी त्यांच्या हातात दिली. अप्पांनी पाटीवर डावा हात टेकवला आणि फ्लेक्स कापायला सुरुवात केली. ब्याऐंशी वर्षांचे हात, पण रेघ सरळ. गुरुजी मदतीला पुढे आले तर त्यांना मानेनेच नको म्हटलं. चारही बाजूंनी कापून त्यांनी पटका, विभूती, दाढीसकट साहेबाला बाहेर काढलं आणि माझ्या हातात दिलं. पाटीला चौकोनी भोक पडलं. त्या भोकातून मागचा हापसा दिसायला लागला, दांड्या-पिनेसकट.

"आता बरोबर हाय," अप्पा म्हणाले आणि खुर्चीत जाऊन बसले.

कुणी टाळी वाजवली नाही. बिराजदार काकूंनी पदर डोळ्याला लावला. गुरुजी गेले, हापशाचा दांडा दोन-चारदा मारला, ओंजळभर पाणी प्यायले आणि म्हणाले, "पेढे वाटा." पाटी तशीच ठेवायची, असा ठराव कमिटीने जागेवरच केला. श्रीनिवास नवा फ्लेक्स फुकट द्यायला तयार होता, त्याला अप्पांनी परत पाठवलं.

प्रश्न उरला कापून काढलेल्या साहेबाचा. मी तो कचऱ्याच्या गाडीत टाकायला निघालो होतो. शांताआत्याने हात धरला. "कपाळाला विभूती हाय त्याच्या. हार घातलाय, नारळ फुटलाय. असा कुटं बी टाकायचा न्हाय!" तिच्यापुढे कुणाचं काय चालणार? तिने स्वतः त्याला फ्रेम करून आणली आणि आमच्या दिवाणखान्यात खिळा ठोकून लावली.

आता घरी पाहुणे आले की पहिली नजर तिकडेच जाते. "हे कोण हो?" ते विचारतात. मी काही बोलायच्या आत अप्पा पेपर खाली करतात, माझ्याकडे बोट दाखवतात आणि म्हणतात, "ह्येचा आज्जा हाय. माझा बाप न्हवं."