कडी वाजवा!

अमरावतीत उड्डाणपुलाखाली हार विकणाऱ्या मावशींचं घर म्हणजे चार बांबू आणि एक ताडपत्री. दार नव्हतंच, पण मावशींचा कायदा कडक. कोणी थेट आत डोकावलेलं त्यांना खपत नसे. "घर हाये हे! आवाज देऊन येत जा न!" असं त्या हवालदारालाही सुनवायच्या. लोक हसायचे. मीही हसायचो.

यंदा स्वस्त घरांच्या सोडतीत त्यांचा नंबर लागला. नांदगाव पेठेच्या रस्त्याला, तिसरा मजला. मी पेढे घेऊन धापा टाकत पोचलो. दार सताड उघडं, मावशी समोरच उभ्या. मी पाय आत टाकणार, तोच त्यांनी माझ्या तोंडावर दार धाडकन लावून घेतलं.

"मावशी?"

"कडी वाजवा भाऊ!"

वाजवली.

"कोन हाये?" असा रुबाब मी कलेक्टरच्या बंगल्यावरही ऐकला नव्हता. मी नाव सांगितलं. आतून खुदखुद ऐकू आली, पण दार काही उघडेना.

"अजून एक डाव वाजवा न बाप्पा," त्या म्हणाल्या. "लय वर्सं झाली, कोनी वाजवलीच नाई."

मी पेढ्यांचा डबा खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी दार बडवलं.