आतटाके आप्पा

कुठल्याही गुन्ह्यावर आप्पाकडे एकच औषध होतं: "आत टाका की!" कोंबडीचोर असो नाहीतर बँक बुडवणारा, चहाचा घोट गिळायच्या आत निकाल लागायचा. आमच्या गडमुडशिंगी गावात आम्ही त्याला आतटाके आप्पाच म्हणायचो. माणूस वयानं मोठा, पण त्याच्यासाठी अहोजाहो काही तोंडात येत नाही.

सगळी नोकरी त्यानं तुरुंगात शिपाई म्हणून काढलेली. त्यामुळं गुन्हेगारीवर बोलायचा मक्ता आपलाच, असा तोरा. दूधकट्ट्यावर समोरच पिळलेल्या म्हशीच्या धारोष्ण दुधाचा ग्लास रिकामा करून, मिशा पुसत तो जे ठोकून द्यायचा ते ऐकून म्हैससुद्धा कंटाळत असेल.

शेजारच्या विज्यानं आप्पाच्या विहिरीवरच्या मोटरीची केबल कापून तांबं विकलं. पहिलीच चोरी. विज्याची आई आप्पाच्या उंबऱ्यावर येऊन रडली. पोरगा वर्षभर तुमच्या रानात राबून भरपाई करेल, म्हणाली. गावातली चार मोठी माणसंही त्याला तयार होती. आप्पा ढिम्म. "आत गेला की सुधारतोय," म्हणाला आणि पोलीस ठाणं गाठलं.

विज्या आत होता तोवर गावात एकही चोरी झाली नाही आणि आप्पाची छाती फुगली. विज्या सुटला. कामावर कुणी उभं करीना, आत भेटलेले दोन दोस्त मात्र दारात हजर. मग केबल सोडाच, अख्ख्या मोटरी जायला लागल्या आणि विज्या परत आत गेला. लवकर सोडला म्हणून, आप्पा म्हणाला. चोऱ्या घटल्या तर तुरुंगामुळं, वाढल्या तर तुरुंग कमी पडला म्हणून! बोलणार काय, कपाळ?

पुढं आप्पाच्याच एकुलत्या एका पोराला मी माझी मोटरसायकल ढकलत नेताना पकडलं. आप्पा हात जोडून माझ्या दारात.

"पोलिसात जाऊ नको बाबा. आत गेलेला माणूस परत येत न्हाय, दुसराच कोणतरी येतोय. जलमभर बघितलंय मी."

"विज्याची आई आली तेव्हा हे माहीत नव्हतं, आप्पा?"

"म्हाईत व्हतं की," तो खाली बघत म्हणाला. "पर तो माझा न्हवता."

थुंकावंसं वाटलं. तक्रार दिली नाही, ती पोराकडं बघून. वर्षभर त्यानं माझ्या गोठ्यात शेण काढलं. आता स्वतःचं गॅरेज चालवतो.

परवा आप्पा गेला. पोरगा मडकं धरून पुढं चालला होता. विज्याची आई दारात उभी राहून बघत होती. विज्या अजून आत आहे.